पहिले पन्नास तास

नवीन ड्रोन घेणाऱ्यानं सुरुवातीला काय काळजी घ्यावी, यावर सोप्या भाषेत दोन पानं लिहून द्यावीत, असं पत्र मला जिल्हा ड्रोन मंडळानं पाठवलं आहे. पत्रात माझा उल्लेख ‘आदर्श ड्रोनमालक श्रीमती वनिता झांबरे’ असा आहे. मंडळाच्या एका टेबलावर काय चाललंय ते शेजारच्या टेबलाला कळत नाही, हे मला एसटीतल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीमुळे चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे त्या ‘आदर्श’चा राग आला नाही. हसूही आलं नाही.

काळजी काय घ्यायची ते मी झोपेतही सांगेन. मंडळात नोंदणी करा, नंबर ड्रोनवर ठळक लिहा. उडवायच्या आधी पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवून चीर पडली आहे का बघा. बॅटरी फुगली असेल तर लोभ धरू नका, बदला. वारा सुटला की खाली घ्या. विजेच्या तारा, शाळेचं मैदान आणि दुसऱ्याचं अंगण यांपासून लांब राहा. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नका. आणि माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका. हे सगळं खोक्यातल्या पुस्तिकेत छापलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. मी वाचलं होतं. पेन्सिलीनं खुणा करून वाचलं होतं. तरीही आमच्या गावच्या चंद्राक्का माझ्यामुळे मेल्या, आणि त्या मेल्या तेव्हा माझा ड्रोन घरच्या शेडमध्ये झाकून ठेवलेला होता.

हे दोन पानांत बसत नाही. म्हणून सगळंच लिहिते.

* * *

मी कंडक्टर होते. दार लावणं, तिकीट फाडणं, बेल मारणं ही तिन्ही कामं यंत्रं करू लागली तेव्हा महामंडळानं आम्हाला हार घालून घरी पाठवलं. सव्वीस वर्षांत माझ्या बेलवर एकही प्रवासी पडला नव्हता. याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

बेल मारणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. गाडीत शेवटचा माणूस चढतो. तो बसेपर्यंत, त्याचं बोचकं फळीवर चढेपर्यंत, पोराला मांडीवर घेईपर्यंत थांबायचं म्हटलं तर गाडी कुठल्याच गावातून वेळेत निघणार नाही. म्हणून कंडक्टर एक नजर टाकतो. पाय आत आला, हात दांडीला लागला, की डबल बेल. पुढचं माणूस आपलं आपण सांभाळतं. ती एक नजर अचूक असली की झालं, आणि माझी अचूक होती.

निवृत्त झाल्यावर मी फवारणीचा ड्रोन घेतला. आमच्या तालुक्यातला शिकाऊ जातीचा तो पहिलाच. मला स्क्रीनमधलं फारसं कळत नव्हतं, म्हणून माझ्या भावाची मुलगी प्रांजल हिनं तो चालू करून दिला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, कॉलेज संपवून घरी बसलेली, आणि यंत्र दिसलं की तिचे डोळे चमकायचे. तिनं माझं नाव भरलं, नंबर टाकले, कुठलं बटण कशाचं ते मला तीन वेळा समजावलं आणि चौथ्या वेळी म्हणाली, “आत्या, तू एसटी चालवायला हवी होतीस. कुणाचं ऐकायची गरजच पडली नसती.”

वहिनीनं ड्रोनला ओवाळलं. माझा भाऊ संपत, त्यानं पुढ्यात नारळ वाढवला आणि उदबत्त्या लावल्या. ड्रोन चालूच होता. स्क्रीन पिवळी झाली आणि त्यावर अक्षरं आली : धूर दिसतो आहे. आग असू शकेल. काय करू? खाली तीन बटणं होती. ‘थांब’, ‘वळसा घाल’ आणि ‘चालतंय’. कंपनीनं जिल्ह्याजिल्ह्यातली बोली बघून शब्द घातले होते म्हणे. आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि मी ‘चालतंय’ दाबलं. त्या यंत्राला मी शिकवलेली ती पहिली गोष्ट.

* * *

आता थोडं यंत्राबद्दल. हे प्रशिक्षण केंद्रात पाच दिवस शिकवतात, मी पाच मिनिटांत सांगते.

जुने ड्रोन ठरावीक नियमांवर चालायचे. माणसासारखं काही दिसलं की थांबायचं. पण त्यांना माणूस म्हणून शिकवला होता तो कुठल्या तरी परदेशी शहरातल्या रस्त्यावरचा, ताठ चालणारा. आमच्याकडचा माणूस वैरणीच्या भाऱ्याखाली असतो, झाडावर असतो, वाफ्यात उकिडवा बसलेला असतो. त्यामुळे जुने ड्रोन बुजगावण्यापुढे अर्धा तास अडून राहायचे आणि खऱ्या माणसावरून बिनदिक्कत जायचे.

म्हणून शिकाऊ ड्रोन आले. यांच्यात प्रत्येक आकाराबद्दल एक आकडा असतो : हे माणूस असण्याची शक्यता किती. आकडा मोठा असला की ड्रोन थांबतो, अगदी लहान असला की पुढे जातो, आणि मधला असला की मालकाला विचारतो. मालक जे उत्तर देईल त्याप्रमाणे आकडा थोडा सरकतो. पहिले पन्नास तास तो जास्त सरकतो, कारण तेव्हा यंत्राकडे स्वतःचं असं काहीच नसतं. पन्नास तासांनंतर ते हळूहळू घट्ट होत जातं.

एवढ्यावर थांबलं असतं तर माझा मूर्खपणा माझ्या बांधावर राहिला असता. पण संध्याकाळी ड्रोन चार्जिंगला लावला की तो दिवसभरात काय शिकला ते जिल्ह्याच्या केंद्राला कळवतो. फोटो पाठवत नाही. लोकांची शेतं, अंगणं, न्हाणीघरं त्यात असतात, म्हणून कायद्यानंच बंदी आहे. फक्त आकडे किती सरकले तेवढं जातं, तेही नावाशिवाय, नुसत्या शिकवणी-क्रमांकावर. केंद्र सगळ्यांचे आकडे एकत्र करतं आणि सकाळी ते शहाणपण सगळ्या ड्रोनना परत वाटतं. सगळ्या गावानं एकाच रांजणात दूध ओतावं, प्रत्येकीनं आपापलं विरजण घालावं आणि सकाळी तेच दही घरोघर न्यावं, तसं. ज्या मालकाच्या पहिल्या पन्नास तासांत एकही अपघात होत नाही, त्याच्या शिकवणीला केंद्र जास्त वजन देतं. ऐकायला किती रास्त वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

* * *

श्रावणात संपतच्या सोयाबीनवर फवारणी होती. पाऊस भुरभुरत होता. बांधावर खताची रिकामी पोती पडली होती. ड्रोननं विचारलं : माणूस असू शकेल. काय करू? मी पोत्यांकडे बघितलं आणि ‘चालतंय’ दाबलं. बरोबरच होतं ते. पाच-सहा वेळा विचारून त्याची पोत्यांबद्दलची शंका बरीचशी फिटली.

पलीकडच्या वावरात चंद्राक्कांची टोळी भांगलायला बसली होती. आठ-दहा बायका, हातात खुरपं, उकिडव्या बसून पुढे सरकत होत्या. पावसासाठी प्रत्येकीच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. वरून बघाल तर वावरात आठ-दहा पोती ठेवल्यासारखी. मला फवारा बंद करून ड्रोन त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या तुकड्यात न्यायचा होता. तो मध्येच अडला आणि पुन्हा तेच विचारू लागला.

“ए वनिता,” चंद्राक्का खोळीतून ओरडल्या, “काय थांबीवलंयस त्येला? डोस्क्यावर नुसतं घोंघावतंय!”

“अक्का, जरा बांधावर जाऊन उभ्या राहा की. दोन मिनटं. माणसांवरनं न्यायचं नसतंय.”

“दोन मिनटं म्हणं! पात धरलीया आमी. येकदा उठलं का कंबर परत बसू देत न्हाई. जाऊ दे की वरनं. आमी काय उडी मारून धरतोय व्हय त्येला?”

बायका हसल्या. मीही हसले. मला त्या दिसत होत्या, त्यांना ड्रोन दिसत होता, तो दोन पुरुष उंचीवर होता, कुणी उठणार नव्हतं. एक नजर टाकली आणि ‘चालतंय’ दाबलं.

त्या पंधरवड्यात ते बटण मी कितीदा दाबलं असेल, ते तेव्हा मोजलं नाही. नंतर आकडा कळला. एकशे बारा वेळा. मी बघून दाबत होते, हे खरं आहे. पण यंत्राला माझे डोळे कुठे दिसत होते? त्याला फक्त उत्तर मिळत होतं. मला वाटत होतं की मी म्हणतेय, ‘माणसं आहेत, पण जा.’ ते ऐकत होतं, ‘माणसं नाहीत.’

पन्नास तास संपले. अपघात शून्य. मंडळानं मला फेटा बांधला, तालुक्याच्या ठिकाणी सत्कार केला, आणि ‘आदर्श’ तेव्हा चिकटलं ते अजून निघालेलं नाही.

* * *

दीड वर्षानं प्रांजलनं स्वतःचा ड्रोन घेतला. माझ्याच आग्रहावरून. घरात बसून पोरीचं डोकं गंजतंय, असं मीच संपतला सुनावलं होतं. तोवर तालुक्यात शे-सव्वाशे ड्रोन झाले होते आणि नवीन येणारा प्रत्येक ड्रोन तालुक्याचं शहाणपण पोटात घेऊनच येत होता.

“आत्या, माझा तुझ्यापेक्षा हुशार आहे,” ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. “विचारतच नाही काही. सरळ काम करतो.”

“तुझ्या आत्यानं शिकवलंय सगळ्यांना,” मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही.

पुढच्या जुलैत, सकाळी अकराच्या सुमारास, प्रांजल शिवेवरच्या सोयाबीनला फवारत होती. पावसाची झिमझिम होती. चंद्राक्कांची टोळी शेजारीच भांगलत होती. ड्रोन टाकी भरून घ्यायला परत येताना त्यांच्यावरून आला. चढाचं रान, त्यामुळे तिथं तो जेमतेम डोक्याएवढ्या उंचीवर होता. प्रांजल स्क्रीनवर औषध किती उरलंय ते बघत होती. तिच्या स्क्रीनवर काहीही आलं नाही. ड्रोनच्या हिशेबी खाली पोती होती, आणि पोतं उठून उभं राहत नाही.

चंद्राक्का कंबर मोकळी करायला उठल्या.

रुग्णवाहिका लवकर आली, त्याचा उपयोग झाला नाही. मी पोचले तेव्हा प्रांजल चिखलात बसून चंद्राक्कांची खोळ घडी करत होती. घडी करायची, उलगडायची, परत करायची. कुणी तिच्या हातातून ती घ्यायला धजत नव्हतं.

* * *

आठ दिवसांनी मंडळाचे तपास अधिकारी इनामदार माझ्या घरी आले. तिशीतला नेटका माणूस. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही पायांत प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या.

“ताई, तुम्ही तालुक्यातल्या पहिल्या,” ते म्हणाले. “तुमचं मत हवंय. प्रांजलताईंकडून येतोय, त्यांनाही हेच दाखवलं.”

त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर उतरत जाणारी एक रेघ होती. उकिडवा बसलेला, खोळ घेतलेला आकार माणूस असण्याची शक्यता : सुरुवातीला चाळीस टक्के. मग एका पंधरवड्यात रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. तीन टक्के. तिथून आजपर्यंत सपाट.

“हे सगळं एका ड्रोनच्या शिकवणीतून झालंय,” इनामदार म्हणाले. “एकशे बारा उत्तरं. त्याचं वजन इतकं होतं की बाकीच्यांना वेगळं काही शिकवायची संधीच मिळाली नाही. त्यांच्या ड्रोननी विचारलंच नाही.”

“कुणाचा ड्रोन?”

“ते आम्हालाही समजत नाही. नाव कायद्यानं बंद आहे. हा फक्त शिकवणी-क्रमांक. चार हजार सतरा.”

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या खुणेशेजारी, दोन वर्षं रोज जो आकडा मी बघत होते, तो चार हजार सतरा होता.

“चहा घेणार का?” मी विचारलं. पहिले शब्द हे निघाले माझ्या तोंडून. मी आत गेले, गॅस पेटवला, आणि चहा उतू गेला तरी बघत उभी राहिले.

बाहेर येऊन मी दोन प्रश्न विचारले. पहिला, ही शिकवण काढून टाकता येईल का. ते म्हणाले, नाही, ती सगळ्या जिल्ह्यात मिसळली आहे, वेगळी करता येत नाही. फार तर प्रत्येक मालकानं भांगलणाऱ्या बायकांसमोर ड्रोन स्वतः थांबवून थांबवून उलटं शिकवावं. पण तेवढा वेळ ऐन हंगामात कोण काढणार? मंडळानं पत्रक काढलंय, की ड्रोनचा आवाज आला की बायकांनी लांबूनच उभं राहावं आणि दोन्ही हात वर करावेत. मग तो ओळखतो.

दुसरा प्रश्न, प्रांजलचं काय.

“आज तरी अपघाताच्या वेळी उडवणारी तीच जबाबदार,” ते म्हणाले. “निष्काळजीपणानं मृत्यू. खटला उभा राहील, शिक्षाही होईल. पण या चार हजार सतराच्या मालकानं आजपासून नव्वद दिवसांच्या आत स्वतः येऊन जबाब दिला, तर हा दोष शिकवणीचा ठरतो. मग प्रांजलताई सुटतात.”

“आणि तो मालक?”

“त्याचा परवाना जाईल. चौकशी होईल. पण तो स्वतः आला तरच. आम्ही त्याच्या दारात जाऊ शकत नाही.”

ते माझ्याच दारात बसून चहा पीत होते.

* * *

आता मी जे केलं ते सांगते. काही केलं नाही, ते सांगते.

पहिले आठ दिवस मी घाबरले होते. ते मी स्वतःला माफ करू शकते. मग मी म्हटलं, पंचमीचा सण होऊन जाऊ दे. मग म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत, संपतच्या घरी एवढं दुःख आहे, त्यात आणखी कशाला. मग वाटलं, इनामदारांनाच कुठून तरी कळेल आणि मला सांगावंच लागणार नाही. सव्वीस वर्षं ज्या बाईला ड्रायव्हर, डेपो मॅनेजर आणि दारू पिऊन चढलेले उतारू घाबरत, ती बाई चार वाक्यं बोलायला घाबरत होती. तुरुंगाला नव्हते घाबरत. गावाला घाबरत होते. ‘वनिताच्या बेलवर माणूस पडलं’ असं कुणी म्हणेल, याला घाबरत होते. किती क्षुद्र गोष्ट आहे बघा. एका पोरीच्या आयुष्याच्या बदल्यात मी माझं नाव राखत होते.

आणि तरी रोज दुपारी मी प्रांजलकडे जायचे. ती घराबाहेर पडत नव्हती. वहिनी सांगायची, जेवत नाही, नुसती बसून असते. मी तिच्याजवळ बसायचे, केसांना तेल लावून द्यायचे.

“मला दिसलंच नाही गं, आत्या,” ती म्हणायची. “त्यानं एकदा विचारलं असतं ना, तर मी थांबवलं असतं.”

“तुझी चूक नाही, पोरी.”

“मग कुणाची?”

“यंत्राची.”

ती मान वळवून माझ्याकडे बघायची. बराच वेळ बघायची. मी तेलाची बाटली बंद करायचे आणि म्हणायचे, उद्या येते.

एकदा वाटेत चंद्राक्कांची टोळी दिसली. लांबून ड्रोनचा आवाज आला तशा सगळ्या बायका खुरपी टाकून उठल्या आणि हात वर करून उभ्या राहिल्या. एकीला गुडघ्यामुळे उठता येईना, तिला दोघींनी बगलेला धरून उचललं आणि तिचेही हात वर केले. ड्रोन लांबूनच वळसा घालून गेला. बायका परत बसल्या. कुणी हसलं नाही. आपण माणूस आहोत हे त्यांना आता तासातून चार-पाच वेळा सिद्ध करावं लागतं, आणि हे मी त्यांना दिलेलं आहे. त्या दिवशी मी ठरवलं. तरी दसरा होऊन गेला, आणि मग मी गेले.

* * *

सत्त्याऐंशीव्या दिवशी मी जिल्ह्याच्या ठिकाणी मंडळात पोचले. ड्रोनची स्क्रीन पदराखाली धरून नेली होती, चोरीचा माल नेतात तशी. इनामदारांच्या टेबलावर ती ठेवली आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

त्यांनी आकडा वाचला. मग मला वाचलं.

“लिहून घ्या,” मी म्हणाले. “एकशे बारा वेळा मीच दाबलं. मला दिसत होतं की बायका आहेत. पोरीचा काही संबंध नाही.”

“ताई, तुम्ही उशीर केलात.”

“नव्वद व्हायला तीन दिवस आहेत. मी मोजलेत.”

“नव्वद होते,” ते म्हणाले. “पण मागच्या मंगळवारी प्रांजलताई येऊन गेल्या. त्यांनी जबाब दिला की, माझं लक्ष नव्हतं, समोर माणसं आहेत हे मला माहीत होतं, जबाबदारी माझी, माझी कुठलीच हरकत नाही. उडवणाऱ्यानं कबुली दिली की शिकवणीचा तपास तिथं संपतो. फाइल कोर्टात गेली.”

“परत मागवा.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग माझा जबाब घ्या. पाहिजे तिथं चिकटवा.”

“कशाला चिकटवू, ताई?” ते हळू आवाजात म्हणाले. “तपासच उरला नाही. मला तो घ्यायला जागा नाही.”

मी त्यांच्यावर ओरडले. तिथल्या सगळ्या लोकांनी माना वळवल्या एवढी ओरडले. त्यांनी मला पाणी दिलं. चांगला माणूस आहे तो, त्यानं मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

* * *

तशीच परत येऊन मी संपतच्या घरी गेले. ऊन अजून होतं. प्रांजल सोप्यात बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होती. वहिनी आणि संपत रानात गेले होते. मी तिच्यासमोर बसले, आणि ज्याला सत्त्याऐंशी दिवस लागले ते एका दमात बोलून टाकलं.

“चार हजार सतरा माझा आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

तिनं हात थांबवला नाही. एक शेंग फोडली, दाणे टोपल्यात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

“तुझा ड्रोन मीच चालू करून दिला होता, आत्या. तो क्रमांक मी माझ्या हातानं टाकलाय. साहेबांनी कागद दाखवला तेव्हाच कळलं.”

“मग तू... मग साहेबांना सांगितलं का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून.”

ती आवाज न चढवता बोलत होती, कुणाचा तरी निरोप सांगावा तशी.

“रोज यायचीस. शेजारी बसायचीस. मला वाटायचं, आज सांगणार. मी मुद्दाम विचारायची, मग कुणाची चूक. यंत्राची म्हणायचीस आणि तेल लावून जायचीस. पंचमी झाली. गौरी-गणपती झाले. मी म्हटलं, घट बसायच्या आत तर नक्की सांगेल.”

“मला वाचवायला सही केलीस, पोरी?”

ती पहिल्यांदा थांबली. विचार केला. मला आशा वाटली. खोटं नाही सांगत, त्या क्षणीही मला आशा वाटली की ती हो म्हणेल.

“नाही,” ती म्हणाली. “तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. वाट बघवेना म्हणून केली. कोर्टात उभं राहायची मला भीती वाटते. पण तू रोज येऊन ‘तुझी चूक नाही’ म्हणायचीस ना, त्याच्याएवढी नाही वाटत. आणि खोटं नाही लिहिलं काही. माणसं आहेत हे मला माहीतच होतं. मी बघायला पाहिजे होतं.”

“माझं चुकलं,” मी म्हणाले.

“हो,” प्रांजल म्हणाली.

आमच्या घरात कुणी चुकलं म्हटलं की समोरच्यानं ‘असू दे’ म्हणायची रीत आहे. लहान असताना तिनं माझा चष्मा फोडला होता, तेव्हा मी म्हटलं होतं. वडीलधाऱ्यांना तर धाकट्यांनी लगेच म्हणायचं असतं, त्यांना ताटकळत ठेवायचं नसतं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिनं उरलेल्या शेंगा फोडल्या, टरफलं पदरात भरली आणि आत निघून गेली. आतून चूल झाडल्याचा आवाज आला, मग भांडी लावल्याचा. ऊन उतरलं, रानातून माणसं परतू लागली, तरी मी तिथंच बसून होते. ती बाहेर आली तेव्हा हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या होता. तो तिनं माझ्यापुढे ठेवला, परक्या बाईपुढे ठेवतात तसा, आणि काही न बोलता परत आत गेली.